पक्षी विष्ठा का खातात?

हा विषय व्याख्यानमालेस शोभणारा नव्हे, असे काही श्रोत्यांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. सफाई कामगारांची संघटना बांधण्यात आमची बरीच वर्षे गेली. घाणीकडे पाहून नाक मुरडणाऱ्यास त्या घाणीत काय आहे याची माहिती क्वचितच असते, हे आम्ही नित्य पाहत आलो. तेव्हा प्रस्तावना पुरे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. शेणावर वा लिदीवर चोच मारणारा प्रत्येक पक्षी ती खातोच असे नाही. हुदहुद शेणाचा पो उकरतो तो आतल्या अळ्यांसाठी. चिमणी लीद टिपते ती दाण्यासाठी. घोड्याच्या पोटातून काही दाणे न पचताच बाहेर पडतात. लंडनच्या रस्त्यांवर घोडागाड्या होत्या तोवर चिमण्यांना हे अन्नछत्र मोफत होते. तेथील केन्सिंग्टन गार्डन्स या बागेत मॅक्स निकल्सन यांनी १९२५ साली चिमण्या मोजल्या, त्या २,६०३ भरल्या. १९४८ साली त्याच बागेत ८८५ राहिल्या होत्या. मधल्या काळात घोडे जाऊन मोटारी आल्या, हे या घटीचे एक कारण मानले जाते. नवे यंत्र आले की माणसाची रोजी जाते हे गिरणगावास सांगावे लागत नाही. त्यात चिमणीचीही जाते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा वाचनातून कळले.

आता खरोखर विष्ठा खाणाऱ्यांकडे वळू. पुष्कळ लहान पाखरांच्या घरट्यात पिल्लाची विष्ठा एका पातळ पिशवीत गुंडाळलेली बाहेर पडते. पहिले काही दिवस आईबाप ती गिळून टाकतात, पुढे चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. पिल्लाचे आतडे कोवळे असते, खाल्लेले सगळे पचत नाही. म्हणून त्या पिशवीत अजून काही अन्नांश शिल्लक असावा, असे अभ्यासक म्हणतात. शिवाय घरटेही स्वच्छ राहते. शहामृगाची पिल्ले तर मोठ्यांची विष्ठा खातात. पाला पचविण्यास जे सूक्ष्म जंतू पोटात लागतात, ते त्यांना त्यातून आयते मिळतात. ज्या पिल्लांना अशी विष्ठा खाऊ घातली, त्यांच्या आतड्यातील जंतूंची वस्ती लवकर प्रौढांसारखी झाली, असे प्रयोगात दिसून आले आहे.

परंतु आमच्या मते सर्वांत नवलाची गोष्ट पांढऱ्या गिधाडाची आहे. हा पक्षी आपल्याकडचाही आहे. अंग मळकट पांढरे, पंखांची कड काळी, आणि तोंडावर पिसे नसलेली पिवळीजर्द कातडी. मेलेले ढोर, उकिरडा, माणसाची विष्ठा, गाईगुरांचे शेण, त्याला काहीच वर्ज्य नाही. स्पेनमधील खेडुतांनी त्याला ‘शेणखाऊ’ अशा अर्थाचीच नावे ठेविली आहेत. आता शेणात पोषण ते कितीसे? प्रथिने थोडी, चरबी जवळजवळ नाहीच. मांस मिळत असता हा पक्षी शेणाकडे का वळतो?

याचे उत्तर २००२ साली हुआन होसे नेग्रो आणि त्यांचे स्पेनमधील सहकारी यांनी प्रसिद्ध केले. उत्तर त्या पिवळ्या तोंडात आहे. हा पिवळा रंग कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांचा. त्यांतले ल्युटीन आपल्या परिचयाचे आहे. झेंडूचे फूल पिवळे दिसते ते बव्हंशी त्यामुळे, आणि अंड्यातला बलक गडद व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात तो यासाठीच. ही द्रव्ये वनस्पती तयार करते. पक्ष्याच्या शरीराला ती बनविता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात. मांसात ती अगदी अल्प. गाय हिरवा चारा खाते, त्यातली काही द्रव्ये तिच्या अंगी लागतात आणि उरलेली शेणाबरोबर बाहेर पडतात. गिधाड ती तेथून उचलते. म्हणजे हा मांसाहारी पक्षी गवताचा रंग गाईच्या मध्यस्थीने मिळवितो! प्राणिसंग्रहालयात मांसावर पोसलेल्या पांढऱ्या गिधाडांची तोंडे फिकी होती. त्यांच्यापुढे गाईचे शेण ठेवले, ते त्यांनी खाल्ले, आणि त्यांच्या रक्तातील कॅरोटिनॉइडांचे प्रमाण वाढले.

मग या रंगाचे एवढे मोल कशाला? येथून पुढे संशोधकांचा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. शेणाबरोबर जंत आणि रोगजंतू पोटात जातात. ते सोसूनही जो पक्षी धडधाकट राहतो त्याचेच तोंड झळकते. जोडीदार निवडताना ही खूण खोटी ठरण्याचा संभव कमी. पिल्लाचा रंग गडद तपकिरी आणि तोंड करडे असते. पिवळेपण वय वाढल्यावरच येते.

अशा प्रकृतीच्या पक्ष्यास मारले कोणी? गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. आजारी गुरांना टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरते, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ साली उघड झाले. पांढरी गिधाडेही त्या काळात घटली, त्यांच्या बाबतीतही याच औषधाचा दाट संशय आहे. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षी पांढऱ्या गिधाडाची नोंद जगातील संकटग्रस्त जातींत झाली. त्याच्या आहारातील ज्या वस्तूची आपण किळस केली, ती त्याने हजारो वर्षे पचविली होती. जिच्यावर संशय आहे ती वस्तू औषधाच्या स्वच्छ बाटलीतून आली होती.