म्हातारे मांजर घाण करते, ते खोडीने नव्हे

पिंपरी-चिंचवडमधल्या निगडी प्राधिकरणात आणि यमुनानगरात टेल्को, बजाजमधून निवृत्त झालेली मंडळी बरीच. मुले हिंजवडीला नाहीतर परदेशात, आणि घरात आजी-आजोबांच्या जोडीने म्हातारे झालेले मांजर. साधारण ११ वर्षांपुढचे मांजर ज्येष्ठ धरतात. त्या सुमाराला एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘आता कुठेही शी करते. रुसली आहे, मुद्दाम करते.’

मुद्दाम नाही, दुखते म्हणून. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली. मांजर लंगडत नाही, विव्हळत नाही, म्हणून आपल्याला ते कळत नाही. त्याला शीसाठी ठेवलेल्या घमेल्याकडे जाताना नीट पाहा. पुढचे पाय घमेल्यात ठेवते, मागचे उचलताना थबकते, कसेबसे आत शिरते आणि पाठ न वाकवता उभ्यानेच बसल्यासारखे करते. शी काठावर पडते. इलाज साधा आहे: प्लॅस्टिकच्या घमेल्याची एक बाजू चार बोटे उंचीपर्यंत कापा, कडा घासून गुळगुळीत करा, आत बारीक लिटर किंवा वाळू पसरा. घर दुमजली असेल तर दोन्ही मजल्यांवर एकेक ठेवा. याने फरक पडला नाही, तर दुखणे आत आहे असे समजून डॉक्टर गाठा.

‘दूध पाजा, पोट साफ होईल’ ही समजूत सगळ्यात घट्ट. आई अंगावर पाजायची थांबली की बहुतेक मांजरांत दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात आंबते, गॅस आणि जुलाब होतात. पोट साफ झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात अंगातले पाणी जाते. आणि म्हाताऱ्या मांजराला तुटवडा असतो तो पाण्याचाच. मूत्रपिंडे थकली की लघवी जास्त होते, शरीर मग आतड्यातल्या मळातले पाणी ओढून घेते आणि खडे बनतात. कधी त्या खड्यांच्या बाजूने पातळ पाणी झिरपते. घरचे त्यालाच जुलाब समजून औषध देतात आणि बद्धकोष्ठ वाढतो.

कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते, ओल्या खाण्यात ७५ टक्क्यांच्या वर. म्हणून दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या, नाहीतर बिनमिठाचे, बिनकांदालसणाचे चिकनचे पाणी घाला. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झाले आणि पाणी साठवणे अंगवळणी पडले. तरी मांजराच्या भांड्यातले पाणी रोज बदलायचेच. भांडे पसरट हवे, आणि खाण्यापासून लांब.

‘आपलेच औषध, थोडेसे दिले तर काय होते?’ जीव जाऊ शकतो. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला घातक ठरते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या फॉस्फेटच्या एनिमाने रक्तातले क्षार बिघडून मांजर दगावू शकते. इसबगोलही मनाने नको. अंगात पाणी कमी असताना त्याने मळ आणखी अडकतो. दोन दिवस शी झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा. बोका वारंवार जोर करतोय आणि शू होत नाहीये, तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला निघा. तो बद्धकोष्ठ नसून मूत्रमार्ग अडल्याची शक्यता असते.

‘मांजर स्वतःला स्वच्छ ठेवते.’ तरुणपणी, होय. म्हातारपणी मान वळत नाही, दात दुखतात, शेपटीखाली मळ चिकटून राहतो, पाठीवर केसांच्या जटा होतात. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. शेपटीखालचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कमी करा; जटा मात्र डॉक्टरांकडूनच काढून घ्या, कातडी पातळ असते. नखेही बघा. न झिजलेले नख गोल वाढून पंजाच्या गादीत घुसते. फिनाइल आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारी जंतुनाशके लादीवर वापरू नका: ती पंजाला लागतात, मांजर पंजा चाटते, आणि त्या विषाचा निचरा त्याच्या यकृताला करता येत नाही. साबणाचे पाणी पुरते.

‘वय झाले, वाळणारच’ हेही खरे नाही. खाऊनही वजन उतरत असेल, तर थायरॉइड, मधुमेह, मूत्रपिंडे, आतडी तपासायला हवीत. महिन्यातून एकदा मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक वहीत लिहा. चार किलोच्या मांजराचे अर्धा किलो जाणे म्हणजे आठवा हिस्सा गेला. खाणे पूर्ण सुटले तर उपास घडू देऊ नका; दोन-तीन दिवसांत यकृतात चरबी साचू लागते, आणि लठ्ठ मांजराला हा धोका जास्त.

डॉक्टरांकडे जाताना वही, शीचा फोटो आणि जमल्यास ताज्या लघवीचा नमुना न्या. रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासायला सांगा. निगडीतल्या दवाखान्यात निदान होत नसेल, तर साताऱ्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.