तान्ह्याचे दूध आणि प्रवास : पाणी उकळलेले हवे, तसेच गरमही हवे

जैन कुटुंबात प्रवासाची तयारी सुरू झाली की खाखऱ्यांच्या आणि थेपल्यांच्या डब्यांआधी पाण्याचा विचार होतो. पाणी गाळले का, उकळले का, उकळून किती वेळ झाला, हे प्रश्न घरातील ज्येष्ठ श्राविका न चुकता विचारतात. उकळलेल्या पाण्यालाही काळाची मर्यादा असते, हा संस्कार मुलांवर लहानपणीच होतो. श्वेतांबर परंपरेत ही मर्यादा पावसाळ्यात 3, हिवाळ्यात 4 आणि उन्हाळ्यात 5 प्रहर मानली जाते.

सुट्टीत तान्ह्या बाळासह किहीम, नागाव, काशीद, मुरूड किंवा दिवेआगरला जाणाऱ्या कुटुंबांना ही शिस्त फार उपयोगी पडते. मात्र बाळ डब्यातील पावडरच्या दुधावर असेल, तर एक गोष्ट हमखास निसटते. घरून आणलेले, उकळून निवलेले पाणी बाटलीत ओतले जाते, त्यात पावडर ढवळली जाते आणि सर्व काळजी घेतली, असे समाधान मानले जाते. पाणी शुद्ध असते, यात शंका नाही. प्रश्न असतो तो पावडरचा.

पावडर निर्जंतुक नसते

बाळाच्या दुधाची पावडर कितीही स्वच्छ कारखान्यात तयार झाली, तरी ती निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू तिच्यात क्वचित आढळतात. कोरड्या पावडरीत ते वाढत नाहीत, पण दीर्घकाळ जिवंत राहू शकतात. कोमट दूध मिळाले की झपाट्याने वाढतात. क्रोनोबॅक्टरचा संसर्ग दुर्मीळ आहे, पण तो झाल्यास रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. 2 महिन्यांच्या आतील, अपुऱ्या दिवसांच्या आणि अशक्त बाळांना त्याचा धोका सर्वाधिक. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 2001 मध्ये एका रुग्णालयात अशाच संसर्गाने एक नवजात बाळ दगावले. तपासणीत पावडरच्या न उघडलेल्या डब्यातही तोच जंतू सापडला.

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी 2007 मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचे सार असे : पावडर ज्या पाण्यात मिसळायची, ते उकळलेले तर हवेच, शिवाय मिसळतेवेळी किमान 70 अंश सेल्सिअस इतके गरम हवे. ही उष्णता पावडरीतील जंतू मारते. निवलेले पाणी, मग ते कितीही शुद्ध असो, हे काम करू शकत नाही. काही डब्यांवर कोमट पाणी वापरण्याची सूचना असते. अशा वेळी निघण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

पहिले 6 महिने केवळ आईचे दूध हाच सर्वोत्तम आहार आहे, आणि प्रवासात तर त्याइतके सुरक्षित दुसरे काही नाही. पुढील माहिती आहे ती वैद्यकीय सल्ल्याने पावडरचे दूध घ्यावे लागणाऱ्या बाळांसाठी.

वाटेवरची तयारी

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोटीने साधारण एक तास लागतो. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड गाठेपर्यंत बाळाच्या दुधाची एक-दोन वेळ सहज येते. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. मग वडखळमार्गे रस्त्याने जावे लागते आणि वाहनांच्या गर्दीत किती वेळ जाईल, याचा नेम नसतो.

घरूनच दूध तयार करून नेणे म्हणूनच योग्य नव्हे. पाणी आणि पावडर वेगवेगळी न्यावी. चांगल्या प्रतीचा स्टीलचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्यावा, मग नुकतेच उकळलेले पाणी त्यात काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. भरलेल्या आणि वारंवार न उघडलेल्या थर्मासमध्ये पाणी कित्येक तास 70 अंशांच्या वर राहते. आपल्या थर्मासची परीक्षा मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीच घ्यावी : जितक्या तासांचा प्रवास, तितक्या तासांनी स्वयंपाकघरातील तापमापकाने पाणी मोजून पाहावे.

प्रत्येक वेळेची पावडर मोजून स्वच्छ, पूर्ण कोरड्या छोट्या डब्यांत ठेवावी. बाटल्या आणि निपल साबणाने घासून, पाण्यात पूर्ण बुडवून उकळून, बंद डब्यात न्याव्यात. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा जुन्या घरांतील बोंडले अधिक सोयीचे; त्यांना कोनेकोपरे कमी असल्याने ती नीट स्वच्छ होतात.

दूध करताना आधी साबणाने हात धुवावेत. प्रथम मोजून पाणी, मग पावडर, हा क्रम पाळावा. चमचा त्याच डब्यातला आणि सपाट भरलेला असावा. दूध दाट केल्याने बाळ लवकर बाळसे धरत नाही, उलट त्याच्या शरीरातील पाणी कमी होऊ शकते. पातळ केले तर पोषण तुटते. तयार दूध फार गरम असते, म्हणून झाकण लावलेली बाटली थंड पाण्याच्या भांड्यात धरून निववावी आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा.

मुक्कामाच्या ठिकाणी

किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. पाणी आटल्याने उलट त्याचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात बाळाचे दूध करू नये. पिण्याचे गोडे पाणी घ्यावे आणि तेही उकळावे. बंद बाटलीतील विकतचे पाणीही निर्जंतुक नसल्याने त्यालाही हाच नियम लागू आहे.

तयार दूध शीतकपाटात 5 अंशांखाली ठेवल्यास 24 तास चालते, परंतु मुक्कामाच्या जागी या सोयीवर विसंबून राहू नये. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर श्रीवर्धन-मुरूड भागातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. वादळ नसतानाही पावसाळ्यात वीज जाते. दर वेळी लागेल तेवढे ताजे दूध करणे, हाच खात्रीचा मार्ग.

उरलेल्या दुधाचा मोह

व्यापारी घराला काटकसर शिकवावी लागत नाही आणि ताटात उष्टे टाकणे तर जैन घरात दोषच मानला जातो. त्यामुळे बाटलीत उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. बाळाने तोंड लावलेले दूध उरले तर लगेच टाकावे. तोंड न लावलेले, पण बाहेर राहिलेले दूध 2 तासांनंतर वापरू नये. वाया जाऊ नये असे वाटत असेल, तर एका वेळी थोडेच करावे आणि लागल्यास पुन्हा करावे. ज्या घराला पाण्याचे प्रहर मोजता येतात, त्या घराला दुधाचे 2 तास मोजणे अवघड नाही.

दुकानदार बांधवांसाठी

समाजातील अनेक कुटुंबांची किराणा आणि औषधांची दुकाने आहेत. बालदुग्धाच्या पर्यायांविषयीचा 1992 चा केंद्रीय कायदा, 2003 च्या दुरुस्तीसह, अशा पावडरची जाहिरात करण्यास, मोफत नमुने देण्यास आणि विक्री वाढवण्यासाठी भेटवस्तू वा इतर आमिष दाखवण्यास मनाई करतो. मुदत संपलेला, पोचा आलेला किंवा फुगलेला डबा विक्रीस ठेवू नये. गिऱ्हाइकाने विचारल्यास गरम पाण्याचा नियम सांगावा; त्याने एखाद्या बाळाचे आजारपण टळू शकेल.

प्रवासात बाळाला ताप आला, ते दूध घेईनासे झाले, फार सुस्त किंवा फार चिडचिडे झाले, तर घरी परतण्याची वाट पाहू नये. बाळ 2 महिन्यांच्या आतील असेल, तर तासाभराचाही विलंब करू नये. गावातील डॉक्टरांकडे किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात तातडीने न्यावे आणि पावडरचा डबा सोबत ठेवावा.