कुंडीतली एकटी आई

ओळख पाहू! लांबीला वीतभरही नाही. जाडी पेनातल्या रिफिलएवढी. रंग काळपट, अंग तेल लावल्यासारखं चकचकीत. उजेड दिसला की सुळ्ळकन मातीत गडप! कोण?

गांडूळ? अंहं! हा चक्क साप आहे, साप!

थांब, पहिल्यापासून सांगते. मागच्या पावसाळ्यात मी भिलाईला बहिणीकडे गेले होते. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधलं तिचं क्वार्टर. पुढे टीचभर बाग आणि ओळीनं मांडलेल्या कुंड्या. माझा भाचा चौथीत आहे. त्याच्या डोक्यात तेव्हा एकच खूळ होतं.

"मावशी, मी साप पाळणार! ते अंडी घालतील, मग पिल्लं होतील, मग मी ती वर्गात वाटणार!"

वाढदिवसाच्या चॉकलेटांसारखी! बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला हसूच फुटलं.

परदेशात काही लोक खरंच घरात सापांची पिल्लं वाढवतात. आपल्याकडे मात्र नाग, धामण, अजगर असे आपले साप पकडून घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. 1972 सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे तो. हे ऐकून स्वारी गाल फुगवून बसली.

मग आम्ही मोगऱ्याची कुंडी बदलायला घेतली. कुंडी आडवी केली, मातीचा गड्डा बाहेर आला आणि त्यातून ते रिफिलएवढं काहीतरी वळवळत निघालं!

"गांडूळ!" भाचा ओरडला.

"नीट बघ. गांडुळाच्या अंगावर बांगड्यांसारखी वळी असतात. इथे दिसतात का?"

नव्हती! होते ते बारीक बारीक, गुळगुळीत खवले. तोंडाकडून इवलीशी जीभ लपलप करत होती. गांडुळाला कुठली आलीय जीभ! डोळे म्हणजे खवल्याखाली दडलेले दोन काळे ठिपके. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. शेपटीच्या टोकाला छोटासा काटा असतो, पण तो काही नांगी नव्हे. या सापाला विष नसतं. याचं नाव वाळा.

आणि आता खरी गंमत! भाच्यानं विचारलं, "मावशी, ही आई असेल, तर बाबा कुठे आहेत?"

सांग बरं, कुठे असतील? शेजारच्या कुंडीत? कुंपणापाशी?

कुठेच नाहीत! वाळ्यांमध्ये बाबा नसतातच! जगातले सगळे वाळे म्हणजे सगळ्या माद्याच. आई एकटीच अंडी घालते आणि त्यांतून पिल्लं निघतात. पुन्हा सगळ्या मुलीच! झेरॉक्सच्या दुकानात कागद ठेवला की तस्साच दुसरा निघतो ना? तसं प्रत्येक पिल्लू जवळजवळ आईची झेरॉक्स! जगात सापांच्या सुमारे 4000 जाती आहेत. त्यांत असा पूर्ण मुलींचा वर्ग एकट्या वाळ्याचाच माहीत आहे.

याचा फायदा काय? अरे, केवढा तरी! समज, एक वाळा कुंडीच्या मातीत बसून जहाजावर चढला. बोट लागली दूरच्या बेटावर. दुसरा कुठला साप असता तर जोडीदार शोधत फिरला असता. वाळ्याला कुणीच लागत नाही. एकटी पोचली की झालं, संसार सुरू! असं करत करत ही आपल्याकडची मंडळी आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली. तिकडे त्यांना 'कुंडीतला साप' असंच म्हणतात.

खाणं काय? मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या. आपण मुरमुऱ्यांचे बकाणे भरतो ना, तस्सं!

एव्हाना भाच्याचा रुसवा पळाला होता. "मावशी, सापाची अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी असतात का गं?"

मुळीच नाही! कोंबडीचं अंडं टणक, टिचकी मारली की वाजणारं. सापाचं अंडं मऊ, चिवट, चामड्याच्या पिशवीसारखं. ओल्या मातीतलं पाणी पिऊन ते रात्री भिजत घातलेल्या वाटाण्यासारखं फुगतंसुद्धा!

कोंबडी आपली अंडी सारखी फिरवत राहते. सापाचं अंडं मात्र एकदा ठेवलं की उलटंपालटं करायचं नाही. आतलं पिल्लू वरच्या बाजूला चिकटून वाढत असतं. ते उलटं झालं तर मरूही शकतं. म्हणून सापांची अंडी उबवणारी माणसं आधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं हळूच खूण करतात. वर कुठलं, खाली कुठलं!

बहुतेक सापीणबाई अंडी घालून चालू लागतात. पण अजगराची मादी? ती अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि थंडी वाजल्यासारखी मुद्दाम थरथरते! त्या थरथरीनं तिचं अंग तापतं आणि अंड्यांना ऊब मिळते. सुमारे दोन महिने हेच! घोणस तर अंडीच घालत नाही, थेट पिल्लं देते. एका वेळी 20-30 सहज!

अंड्यातलं पिल्लू बाहेर कसं येतं? त्याच्या नाकाच्या टोकाशी एक चिमुकला दात असतो. त्यानं अंड्याला चीर पाडायची, डोकं बाहेर काढायचं आणि बसायचं निवांत. कधी कधी दिवसभर! रविवारी सकाळी गोधडीतून फक्त डोकं काढून तू पडतोस ना, अगदी तसं. काम झालं की दात पडून जातो.

आम्ही मोगरा नव्या कुंडीत लावला आणि वाळा असलेली ती माती तशीच कडेच्या वाफ्यात सरकवली. भाच्यानं वर ओंजळभर पाणी शिंपडलं, "पाहुणचार" म्हणून!

तूही बघ हं, पावसाळ्यात कुंड्यांच्या आसपास. पण हात मात्र लावायचा नाही. मण्यारीचं पिल्लूही बारीक आणि काळंच असतं, आणि मण्यार भारी विषारी. लांबूनच बघ, घरातल्या मोठ्यांना हाक मार. आणि वाळा दिसलाच, तर त्याचं चित्र काढून आम्हाला जरूर पाठव!