धर्माच्या रकान्यातली सत्तर वर्षं

येत्या १४ ऑक्टोबरला नागपूरच्या धम्मदीक्षेला सत्तर वर्षं पूर्ण होतील. दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही, पंचरंगी आणि निळे झेंडे लागतील, भाषणांमागून भाषणं होतील. माझ्या डोक्यातून मात्र एक आकडा काही केल्या जात नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशातले बौद्ध वाढले अवघे ६.१ टक्के. देशाची लोकसंख्या त्याच काळात १७.७ टक्क्यांनी वाढली. उत्तर प्रदेशात तीन लाखांवर बौद्ध होते, ते दोन लाखांवर आले. कर्नाटकात ३ लाख ९३ हजार होते, ते ९६ हजारही उरले नाहीत. ही माणसं मेली नाहीत की देश सोडून गेली नाहीत. ती फक्त कागदावरून नाहीशी झाली. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. २०२१ची हुकली, आणि आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरलाय. या खेपेला सगळ्यांची जातही विचारणार आहेत. धर्माच्या रकान्यात आपण काय लिहीत आलो आणि का, याचा हिशेब त्याआधी मांडायला हवा.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही. अनागारिक धर्मपालांची महाबोधी सोसायटी होती, मद्रासकडे लक्ष्मी नरसू होते, आपल्याकडे धर्मानंद कोसंबी होते. ग्रंथ झाले, व्याख्यानं झाली. गावकुसाबाहेर त्यातलं काही पोचलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि पुढची एकवीस वर्षं विचारात घालवली. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते २,४८७. १९६१ साली झाले २७,८९,५०१. मधल्या दहा वर्षांत काय घडलं ते मराठी माणसाला सांगायला नको. कुशीनाऱ्याच्या महास्थविर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, मग स्वतः लाखोंना दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि दोन महिने व्हायच्या आत ते गेले. दादर चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या वेळीही लोकांनी दीक्षा घेतली. नेता हयात नाही, भिक्खूंचा संघ नाही, विहार नाहीत, पैसा नाही. तरी पाच वर्षांत गावंच्या गावं बौद्ध झाली. देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले, मरीआईचा गाडा ओढणं बंद झालं, मेलेलं ढोर उचलायला लोक नाही म्हणाले. त्यापायी बहिष्कारही सोसले.

याची किंमत कागदावर काय पडली, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशानुसार सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली त्यात सर्व शीख दलितांचा समावेश झाला. त्याच वर्षी आम्ही बौद्ध झालो आणि यादीबाहेर पडलो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या, ते उपकार मी विसरत नाही. पण रेल्वे, पोस्ट, बँका, केंद्राच्या नोकऱ्या, विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा, यातलं काहीही बौद्ध म्हणवणाऱ्याला नव्हतं. आणि हे एकदोन वर्षं नाही, १९९०पर्यंत.

साठ आणि सत्तरच्या दशकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. रिपब्लिकन पक्ष फुटला, पुन्हा फुटला. १९७२ला दलित पँथर आली. आकडे त्या काळातही फारसे हलले नाहीत. राज्याची लोकसंख्या वाढत होती त्याहून बौद्धांची वाढ कमीच राहिली. १९६१ नंतरच्या पन्नास वर्षांत एकच दशक असं आहे की महाराष्ट्रात बौद्ध राज्याच्या सरासरीपेक्षा वेगानं वाढले. १९८१ला ३९ लाख ४६ हजार, १९९१ला ५० लाख ४१ हजार. वाढ २७.७ टक्के, राज्याची २५.७. ते दशक मी मराठवाड्यात काढलं आहे, आणि ती वाढ पाळण्यांतून आलेली नव्हती.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ला झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या, विहिरी नासवल्या, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरं जळली नाहीत, पण तीन महिने आमच्या माणसांना कुणी कामावर बोलावलं नाही. पुढे मी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकायला आले तेव्हा नागसेनवनात अशाच गावांतून आलेली मुलंमुली होती. मोर्चे, सत्याग्रह, लाठ्या, तुरुंग. वामनदादा कर्डकांची गाणी पाठ नसलेलं कुणी वसतिगृहात सापडायचं नाही. त्या वातावरणात ज्यांच्या घरी बापजाद्यांचे देव अजून कोनाड्यात होते, त्यांनी ते उचलले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायलाही जे तयार नव्हते, त्यांच्या धर्मात कशाला राहायचं, हा प्रश्न वस्त्यांमध्ये उघड विचारला जात होता.

त्याच दिवसांत माझ्या भावाला केंद्राच्या एका कार्यालयातून मुलाखतीचं पत्र आलं. तिथला कारकून म्हणाला, "हिंदू महार असा दाखला आणा, बौद्ध असाल तर खुल्या वर्गात बसा." दाखला मिळाला असता. शाळेच्या रजिस्टरात 'हिंदू महार' लिहिलेलंच होतं. गावोगाव कितीतरी लोक दोन कागद ठेवून जगत होते, घरात बौद्ध आणि कचेरीत हिंदू, आणि त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत, कारण पोट सगळ्यांनाच असतं. पण माझ्या वडिलांनी १९५७ साली गावात दीक्षा घेतली होती. ते भावाला म्हणाले, "तुला पाह्यजे तर आण. माझ्या सहीनं नाही." भावानं आणला नाही. पुढे तो एसटीत कंडक्टर झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. ती जागा त्याला मिळायला हवी होती, हे मी आजही म्हणते.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. औरंगाबादला नाकानं कांदे सोलणारी विद्वान मंडळी तेव्हा भरपूर होती. त्यातले एक प्राध्यापक, स्वतःला पुरोगामी म्हणवणारे, भर वर्गात म्हणाले होते की ही धर्मांतरं सवलतींसाठी झाली. आमच्यातल्या कुणी उठून उत्तर दिलं नाही, कारण गुण त्यांच्या हातात होते. आज उत्तर देते. सवलती मिळवायच्या असत्या तर हिंदू राहणं पुरेसं होतं. १९५६ ते १९९० या चौतीस वर्षांत बौद्ध होणं म्हणजे दिल्लीच्या प्रत्येक राखीव जागेवर पाणी सोडणं होतं, आणि तरीही लाखो लोकांनी ते सोडलं. या देशात श्रद्धेपायी इतक्या गरीब माणसांनी इतकी वर्षं इतकं गमावल्याचं दुसरं उदाहरण त्या प्राध्यापकांनी मला दाखवावं.

त्या दशकाचं आणखी एक चित्र माझ्या मनात आहे ते वर्षावासाचं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या पत्र्याच्या विहारात रोज रात्री 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलं जायचं. वाचणारा बहुधा नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी, कारण मोठ्यांपैकी थोड्यांनाच वाचता येई. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाया पांढरं लुगडं नेसून जाजमावर बसायच्या. मधेच कुणीतरी थांबवायचं, "पुन्हा वाच रं, ते दुःखाचं." पोरगं पुन्हा वाचायचं. मग वाद व्हायचा. आत्मा नाही म्हणता, मग मेल्यावर काय उरतं? नवस नाही, मग लेकरू आजारी पडलं तर काय करायचं? बौद्धाचार्य थकून जायचे. शेवटच्या दिवशी खीर असायची, पण लोक खिरीसाठी येत नव्हते. धर्म समजून घेण्याची एवढी भूक मी पुढे कुठल्या विद्यापीठातही पाहिली नाही.

१९८८ला बाबासाहेबांच्या 'रिडल्स' या ग्रंथाचं प्रकरण झालं, मुंबईत अफाट मोर्चा निघाला. १९९०ला बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारनं कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातींमध्ये घेतलं. त्याचा परिणाम असा की १९८१ला राज्यातल्या अनुसूचित जाती ४४ लाख ८० हजार दिसत होत्या, त्या १९९१ला ८७ लाख ५८ हजार दिसल्या. इतकी माणसं तोवर सरकारच्या लेखी नव्हतीच.

त्या जनगणनेची, फेब्रुवारी १९९१ची, एक गोष्ट. मी सुट्टीला गावी होते. प्रगणक म्हणून आलेले गुरुजी गावातल्या दुकानाच्या ओट्यावर बसून आमच्या वस्तीचे कागद भरत होते. वस्तीत कोण राहतं ते त्यांना माहीतच होतं, घरोघर जायची गरज काय! माझी आई, अंगठेबहाद्दर बाई, तिथं जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, आमचा धरम काय लिवला?"

"तोच की, हिंदू."

"खोडा ते. आन् घरी या. पाणी घेऊ नका पाह्यजे तर, पर समोर बसून लिवा."

गुरुजी आले. आईनं त्यांना एकेका दारात नेलं आणि प्रत्येक घराचा धर्म त्या घरच्या माणसाच्या तोंडून वदवून घेतला. ५० लाख ४१ हजार या आकड्यात तिची ती अर्ध्या दिवसाची मजुरी बुडालेली आहे.

एवढं मिळाल्यावर पुढे घसरण का झाली? १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, लढ्याचं कारण संपलं आणि माणसं पांगली. लहान कुटुंबं आणि शिक्षण हेही कारण आहे. बौद्धांची साक्षरता २०११ला ८१ टक्क्यांवर होती, देशाची ७३, त्यामुळे वाढ थोडी कमी होणारच. पण त्यानं कर्नाटकचा आकडा चौथाईवर येत नाही. तिथं भीतीनं काम केलं. कायदा १९९०ला बदलला, कचेरी बदलली नाही. जात पडताळणीला आजही १९५०च्या आधीचा पुरावा लागतो, आजोबांच्या शाळेचा उतारा लागतो, आणि त्यावर 'हिंदू महार'च असतं. मग आईबाप मुलाचं नाव शाळेत घालताना तेच पुढे चालवतात. धर्म बौद्ध आणि जात महार, या दोन्ही गोष्टी एकत्र लिहिणं पूर्ण कायदेशीर आहे, हे त्यांना कुणी समजावलंच नाही. हे काम नेत्यांचं होतं. ते गट सांभाळण्यात आणि मंत्रिपदाच्या वाटाघाटीत गुंतले होते.

दुसरं दुखणं अधिक खोल आहे. बाबासाहेबांना भारत बौद्धमय करायचा होता. आम्ही एका जातीत थांबलो. गावात मातंग वस्ती हाकेच्या अंतरावर असते, पण वर्षावासाचं निमंत्रण घेऊन तिकडे कुणी गेल्याचं मी पाहिलं नाही. २७ मे २००७ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या नेतृत्वाखाली भटके-विमुक्त बौद्ध झाले, तेव्हा वाटलं होतं की वाट फुटली. ती रुंद झाली नाही. विहार मात्र संगमरवरी झाले. आमच्या गावातला दोन मजली आहे आणि १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर सोडून त्याला कुलूप असतं. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात, ढोलकी आणि जलसा म्हातारे सांगतात म्हणून पोरांना माहीत.

आणि आता नवी दडपणं आहेत. गुजरात सरकारनं एप्रिल २०२४मध्ये परिपत्रक काढलं की हिंदूला बौद्ध व्हायचं तर जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागेल. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा सांगतो की घर भाड्यानं घेताना तो भिंतीवर बुद्धाचं चित्र लावतो, बाबासाहेबांचं कपाटाच्या आत. "मावशी, बुद्ध चालतो त्यांना," म्हणाला. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

सध्या वर्षावास चालू आहे. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी रविवारी वस्त्यांमध्ये जातो. सगळीकडे एकच प्रश्न येतो, "बाई, बौद्ध लिवलं तर पोराची स्कॉलरशिप जाईल का?" जाणार नाही. जून १९९०पासून जात नाही. धर्म बौद्ध लिहा, आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावर आहे ती जात लिहा; तिथंही 'बौद्ध' लिहिलंत तर अनुसूचित जातींच्या मोजणीतून गळाल. कागद असो की मोबाइल, प्रगणकाला भरलेलं वाचून दाखवायला सांगा. ज्या विहारांत अजून रोज वाचन होतं तिथल्या बौद्धाचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ग्रंथ मिटल्यावर या दोन रकान्यांसाठी पाच मिनिटं ठेवा, आणि एखाद्या रविवारी मातंग वस्तीतही जा.