सेनापति आणि शिपाई

संगणकावरील युद्धखेळांचे दोन प्रकार आपल्या मुलानातवंडांस परिचित आहेत. एकांत खेळणारा उंचावरून रणभूमि पाहतो, सामग्री जमवितो, तळ उभारतो व सैन्य धाडतो. दुसऱ्यांत तो स्वतःच शिपाई होऊन नेम धरतो. हे दोन्ही एकाच डावांत आणले तर?

'नॅचरल सिलेक्शन' या खेळानें २००२ सालीं हा प्रयोग केला. 'हाफ-लाइफ' या १९९८ च्या खेळाच्या पायावर चार्ली क्लीव्हलंड व त्यांचे सहकारी यांनीं तो रचला. त्यांत मानवपक्षाचा एक गडी सेनापतीच्या आसनावर बसून सर्व नकाशा पाहतो. तो दारूगोळा पुरवितो, इमारतीची जागा नेमतो. परंतु ती पुरी करण्यास जिवंत गड्यासच तेथें जावें लागतें.

खरी मेख येथेंच आहे. सोंगटी हुकूम मोडीत नाहीं, माणूस मोडतो. शिवाय एका सेनापतीच्या चुकीनें साऱ्यांचा डाव बुडतो. म्हणून गड्यांना बहुमतानें त्यास आसनावरून उतरविण्याचा अधिकार ठेवला आहे. २०१२ च्या दुसऱ्या भागांत प्रतिपक्षासही सेनापति मिळाला.

माझा नातू प्रथम सेनापति झाला, तेव्हां तो नुसता ओरडत होता, कोणी ऐकेना. मग तो प्रत्येक हुकुमाचें कारण सांगूं लागला, आणि गडी हलले. चाळीस वर्षें वर्ग सांभाळून मला जें उशिरां उमगलें, तें त्यास एका संध्याकाळीं कळलें.