हॉर्न वाजतो, मग सेल्फ का फिरत नाही?

निमगाव सावासारख्या गावात जुनी मोटरसायकल अजून दुधाचे कॅन वाहते, खताची गोणीही. एखाद्या सकाळी सेल्फचं बटण दाबलं की नुसतं ‘टक्’! हॉर्न मात्र खणखणीत. ‘म्हणजे बॅटरी ठीक आहे,’ असा निकाल बहुतेक जण देऊन टाकतात.

निकाल घाईचा आहे. हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात, सेल्फला त्याच्या अनेकपट लागतात. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर साधारण १२.६ दाखवते, सेल्फ दाबताच आकडा नऊच्याही खाली कोसळला तर ती थकलेली. आकडा टिकून असेल, तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, सैल अर्थ आणि रिले तपासावा.

इंजिन फिरतं पण पेटत नाही? आधी किल स्विच पाहा. हसू नका! मग प्लगची ठिणगी, पेट्रोलपासून दूर.

१९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १००ची तऱ्हा वेगळी. तिची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, त्यामुळे बॅटरी मेली तरी किक पुरते.

नवी बॅटरी घेण्याआधी चालू इंजिनला थोडी रेस देऊन मीटर लावा. आकडा १३.५ ते १४.५ दरम्यान नसेल, तर दोष चार्जिंगचा. नवी बॅटरीही लवकरच बसेल.