पोते भरले, पण भाकर?

कामरगावात किंवा कारंजा तालुक्यातल्या कोणत्याही गावात एखाद्या म्हाताऱ्या आजीला हायब्रीड ज्वारीबद्दल विचारून पाहा. "पिकायची खंडीनं, पण भाकरीला गावरानची चव नाही," असेच ऐकायला मिळेल. ही नुसती जिभेची तक्रार आहे का? नाही. तिच्यामागे कारणे आहेत.

१९६४ साली सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. ताट बुटके, कणीस भरगच्च, पीक सुमारे शंभर दिवसांत तयार. टंचाईच्या त्या काळात या ज्वारीने अनेक घरांची चूल पेटती ठेवली, हे विसरून चालणार नाही.

पण गावरान ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवते. तिचा दाणा पाऊस सरल्यावर भरतो. लवकर येणारे हायब्रीड मात्र परतीच्या पावसात सापडते. दाणा काळा पडतो, बुरशी धरतो. बाजारात भाव पडतो तो वेगळाच. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत अशी भिजलेली, बुरशीची ज्वारी आणि मका खाल्ल्याने लोकांना पोटदुखी व हगवण लागली होती. म्हणून काळी ज्वारी धुऊन-वाळवून खाऊ, असे म्हणू नका.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. उत्पन्न वाढते ते मुख्यतः दाण्यातल्या पिठूळ भागाने. प्रथिने, लोह, जस्त त्या मानाने वाढतीलच असे नाही. डाळ तेवढीच आणि वरणात पाणी जास्त, तसा हा प्रकार. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गहू पेरून त्याचे नमुने जपून ठेवले आहेत. १९६० नंतरच्या दशकात तिथे बुटके, जास्त पिकणारे वाण आले आणि दाण्यातले जस्त व लोह घटले. जमिनीतले मात्र घटले नव्हते.

मग उत्पन्न सोडायचे का? मुळीच नाही. पैदासकाराने ठरवले तर दोन्ही साधते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे वाण दिले. त्याच्या किलोभर ज्वारीत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असते. नेहमीच्या ज्वारीत ते ३० च्या आसपास. शिवाय वाण सरळ आहे, बी घरचे धरता येते.

आज आपल्या शिवारात सोयाबीन, तूर आणि कपाशीच जास्त. तरी घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरणार असाल, तर तीन गोष्टी करा. आपल्या जमिनीला आणि हंगामाला कोणते वाण चांगले, ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारा. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की पावसाची वाट न पाहता कणसे खुडून वाळवा. आणि नवे वाण आधी चार तासांतच पेरून पाहा.

वजन काट्यावर कराच, पण वाणाची शेवटची परीक्षा तव्यावर होते. तिथे घरच्या बाईचे मत आधी घ्या.